आत्याचा मान

बेबीताई आमच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि मी तिथंच औषधाच्या खिडकीत बसतो. रुग्णालय बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या अंगाला आहे, एवढं पुरे. गावाचं नाव लिहिलं तर माझ्याकडून खुलासा मागवतील, आणि खुलासे लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य अगोदरच खर्ची पडलं आहे.

तिचं कागदोपत्री नाव पुष्पांजली. त्या नावानं तिला फक्त पगारपत्रक ओळखतं. घरातलं पहिलं लेकरू म्हणून ती बेबी, आणि नोकरी लागल्यावर बेबीताई. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं बारकी, चाल तुरुतुरु. आमच्या भागात कोणालाच न जमणारी एक गोष्ट तिला जमते: ती हळू बोलते. आमच्याकडे माणूस शेजारी बसलेल्याशीही दोन वावरं पलीकडून हाक मारल्यासारखा बोलतो. दवाखान्यात तर विचारू नका. पेशंट ओरडतो, पेशंटचा सासरा ओरडतो, केसपेपरवाला ओरडतो, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली उभा राहून शिपाई सगळ्यांवर ओरडतो. या गदारोळात बेबीताई कानाशी येऊन दोन शब्द बोलते आणि तिचं काम होऊन जातं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे तान्ह्या बाळांचे कान तपासायचं यंत्र आलं. मोबाइलपेक्षा जरा मोठं, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला हरभऱ्याएवढं मऊ रबर. ते बाळाच्या कानात बसवलं की यंत्र आत बारीक टकटक सोडतं आणि चांगला कान आपसूक त्याला बारीकसं उत्तर देतो. उत्तर आलं की पडद्यावर 'पास', नाही आलं की 'रेफर'. दोन-चार मिनिटांचं काम. अट एवढीच की बाळ झोपलेलं हवं आणि आजूबाजूला शांतता हवी.

अशा या यंत्राचं उद्घाटन आम्ही फटाक्यांची लड लावून केलं. वॉर्डातली सातही बाळं एकदम किंचाळली. प्रमुख पाहुणे म्हणाले, "बघा, सगळ्यांना ऐकू येतं!" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग यंत्र कपाटात गेलं, आणि कपाटाची किल्ली एका बदली झालेल्या बाईंच्या पर्समधून त्यांच्या नव्या गावाला गेली. चार महिन्यांनी बेबीताईनं रजा टाकली, एसटीनं जाऊन ती किल्ली आणली आणि यंत्र बाहेर काढलं. त्या रजेचा पगार कापला गेला, कारण किल्ली आणणं हे तिच्या कर्तव्यसूचीत बसत नव्हतं.

आता प्रश्न शांत जागेचा. आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये शांतता होती, पण ती दुपारी साहेबांना लागायची. शेवटी बेबीताईला मागच्या लिंबाखाली उभी असलेली जुनी रुग्णवाहिका सापडली. इंजिन गेल्यामुळे ती दीड वर्ष जागची हलली नव्हती; पण दारं घट्ट लागायची. सकाळी ऊन तापायच्या आत बेबीताई एकेका बाळाला घेऊन त्या गाडीत शिरायची. कित्येक आज्यांचा समज झाला की बाळाला बुलढाण्याला हलवताहेत, आणि त्या गाडीमागे रडत उभ्या राहायच्या.

लोकांना 'पास' फार आवडायचं. एका आजोबांनी दोन दिवसांचा नातू पास झाला म्हणून पेढे वाटले आणि मला विचारलं, "टक्के किती पडले?" पण 'रेफर' आलं की घरचे खवळायचे. बेबीताई समजावायची, "नापास नाही हो बाबा. कानात जन्माचं पाणी राह्यलं असलं तरी असंच येते. दहा-बारा दिवसांनी परत आणा." बहुतेक बाळं दुसऱ्या खेपेला पास व्हायची. एखादं व्हायचं नाही. त्याला ती मोठ्या तपासणीला संभाजीनगरला पाठवायची आणि नोंदवहीत स्पष्ट 'रेफर' लिहायची.

साहेबांना हे स्पष्टपण झोंबायचं. जिल्ह्याच्या बैठकीत शंभर टक्के तपासणी आणि शंभर टक्के पास सांगणाऱ्यांना टाळ्या मिळत. आमच्या तक्त्यात मात्र दोन बाळं 'रेफर'. बेबीताईला कागद आला: आपल्याच केंद्रात अशी बाळे का आढळतात, खुलासा करावा. तिनं उत्तर लिहिलं, "सदर बाळांचे कान मी बनवलेले नाहीत, फक्त तपासले आहेत." मी म्हटलं, ताई, जरा मवाळ लिहा. ती म्हणाली, "भाऊ, याच्याहून मवाळ मले येत नाही."

इथवर सगळं दुसऱ्यांच्या लेकरांचं होतं.

मागच्या जानेवारीत तिच्या भावाला मुलगी झाली. तिचं माहेर दवाखान्यापासून पाच किलोमीटरवर. वडील उत्तमराव, बागायतदार, माजी सरपंच. मिरची, कोबी, मका, शिवाय चार माणसांत ऊठबस. आवाज असा की त्यांना मोबाइलची गरज नाही, ते तो केवळ प्रतिष्ठेसाठी बाळगतात. आई आशाबाई. भाऊ दीपक, जो समोर बोलणाऱ्याशी नेहमी सहमत असतो. दीपकची बायको प्रतीक्षा रोहिणखेडची. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण तिकडेच व्हायचं, पण घरचीच लेक दवाखान्यात म्हणून प्रतीक्षाला आमच्याकडे आणलं.

मुलगी झाली म्हणून उत्तमरावांनी तोंड पाडलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी चौकात मोठं फ्लेक्स लावलं: 'लेक आली, लक्ष्मी आली'. मधोमध फेटा बांधलेले उत्तमराव, बाजूला त्यांचे सोळा शुभेच्छुक आणि खालच्या कोपऱ्यात बाळ. खऱ्या बाळाचा फोटो तयार नव्हता, म्हणून छापणाऱ्यानं इंटरनेटवरून एक निळ्या डोळ्यांचं परदेशी बाळ उचललं होतं. नाव ठेवायचं होतं म्हणून तोवर सगळे पोरीला छकुली म्हणत.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी छकुली त्या लिंबाखालच्या गाडीत गेली. दोन्ही कान 'रेफर'. बेबीताईनं मनाशी म्हटलं, पाणी असेल. बाराव्या दिवशी प्रतीक्षा टाके दाखवायला आली, तेव्हा पुन्हा तपासलं. बराच वेळ झाला तरी बेबीताई गाडीतून उतरेना म्हणून मी बोलवायला गेलो. ती आत बसली होती, मांडीवर झोपलेली भाची आणि हातात यंत्र.

"भाऊ, दोन्ही कान," ती म्हणाली.

"मशीन बिघडलं असेल."

"आताच तीन लेकरं तपासले. तिन्ही पास."

मग मी जे बोललो ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी म्हटलं, "घरचंच लेकरू आहे ताई. पास लिहून टाका. कोण बघतं?"

तिनं यंत्र खाली ठेवलं आणि माझ्यासमोरच नोंदवहीत 'रेफर' लिहिलं. मी परत औषधाच्या खिडकीत येऊन बसलो आणि दिवसभर खोकल्याच्या बाटल्या मोजत राहिलो.

त्या संध्याकाळी ती माहेरी गेली. तिनं नीट समजावलं. मोठी तपासणी तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. कानांनी खरंच कमी ऐकू येत असेल तर सहा महिन्यांच्या आत ऐकण्याचं यंत्र लागायला हवं. लेकरू ऐकून ऐकूनच बोलायला शिकतं. उशीर झाला तर ते बोलणं भरून निघत नाही. घरात तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं आणि कोणी ऐकलं नाही.

आशाबाई उठल्या, स्वयंपाकघरातून परात आणि उलथणं घेऊन आल्या आणि झोळीत झोपलेल्या छकुलीच्या डोक्याशी परात दणकन वाजवली. पोरीनं डोळे किलकिले केले.

"पाह्य! आयकू आलं का नाही?" आशाबाई म्हणाल्या. "आम्ही तुमाले बी असंच तपासलं होतं."

"आई, परात झोळीले लागली. झोळी हालली म्हणून जागी झाली ती."

"तुह्या मशीनपेक्षा माही परात जुनी आहे."

उत्तमराव गरजले, "अन् समज, नेलं संभाजीनगरले. गावात बोभाटा झाला त? उत्तमरावची नात बहिरी! उद्या लग्न कोन करीन तिच्याशी?"

"बाबा, ती बारा दिवसांची आहे."

"आज बारा दिवसांची, उद्या बावीस वर्षांची!"

दीपक म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे." बेबीताईनं त्याच्याकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "ताईचं बी बरोबर आहे." प्रतीक्षा ओट्यापाशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं झोळी हातानं थांबवून पोरीच्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. हे बेबीताई सोडून कोणाच्या लक्षात आलं नाही.

नंतरचे तीन आठवडे बेबीताई रोज फोन करायची आणि रोज तेच उत्तर मिळायचं: आधी बारसं होऊ दे.

बारसं सव्वा महिन्यानं होतं. मला आणि बायकोला आमंत्रण होतं. मांडव, सहाशे माणूस, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. आणि डीजे. स्पीकरच्या भिंती अशा उभ्या केल्या होत्या की पत्रावळीवरची बुंदी आपोआप एका बाजूला सरकत होती. मांडवातली झाडून सगळी तान्ही पोरं रडत होती. आया पदरानं त्यांचे कान झाकून गोठ्याकडे पळत होत्या. छकुली मात्र स्पीकरपासून दहा हातांवर, सजवलेल्या पाळण्यात गाढ झोपलेली.

बायका कौतुकानं वेड्या झाल्या. "केवढी गुणाची पोट्टी आहे व!" "कशाचाच तरास नाही!" "आमचं पोट्टं त पान पडलं तरी उठते." आशाबाई मिरवत होत्या. उत्तमराव प्रत्येक पाहुण्याला पाळण्यापाशी नेऊन दाखवत होते, "पाहा, माह्यावर गेली आहे. आवाजाले भेत नाही!" मी हातात पत्रावळ घेऊन नुसता उभा होतो. त्या सहाशे लोकांत काय चाललं आहे ते आम्हा तिघांनाच कळत होतं: बेबीताईला, मला आणि पाळण्याशी बसलेल्या प्रतीक्षाला.

नाव ठेवायची वेळ झाली. डीजे बंद झाला. माईक दयारामकडे होता. हा दयाराम गावातल्या लग्न-बारशांचा निवेदक. एकदा माईक हातात आला की शेवटची पंगत उठेपर्यंत सोडत नाही. बायकांनी पाळण्याखालून-वरून गोविंद-गोपाळ केलं आणि हाक आली, "आत्या कुठी आहे? या, नाव सांगा कानात!"

बेबीताई पुढे आली. पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत गुद्दे घालायला बायका हात उगारून तयारच होत्या. पण ती तशीच सरळ झाली आणि वडिलांना खुणेनं जवळ बोलावलं. मग आपल्या त्या हळू आवाजात त्यांच्या कानाशी बोलली. काय बोलली ते मला तिनं नंतर सांगितलं.

"बाबा, उद्या सकाळी संभाजीनगर. पोरीची मोठी तपासणी. तुम्ही स्वतः यायचं. हो म्हणा, मंग नाव सांगीन."

"येडी झाली का व तू? हा काय वखत आहे?"

"हाच आहे. बाकी वखताले तुम्ही आयकत नाही."

"अन् नाही म्हटलं त?"

"त पोट्टी बिननावाची राहीन. गावाले काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी एक शब्द बोलणार नाही."

मांडवाला यातलं काही ऐकू गेलं नाही. मांडवाला एवढंच दिसलं की आत्या नाव सांगेना आणि बापाच्या कानाला लागली आहे. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो: आत्या मानासाठी अडून बसली. साडी, अंगठी, बांगडी, काही ना काही मागते आहे. असा हट्ट आत्यानं करायचाच असतो आणि गावानं त्यात तेल ओतायचंच असतं. सहाशे माणसांत खसखस पिकली.

"अडली रे अडली, आत्या अडली!" दयाराम माईकवर ओरडला. "ताईची मागणी भारी दिसून राह्यली! तोंड पाहा उत्तमरावचं! एक तोळा का दोन तोळे, ताई?"

मांडवातूनही हाका सुरू झाल्या.

"द्या ना हो उत्तमराव! एकुलती एक लेक आहे!"

"सरपंच असताना कोणाले काही देलं नाही, आता त द्या!"

उत्तमरावांच्या कपाळावर घाम. मागणी सोन्याची नाही हे सांगावं तर खरी मागणी सांगावी लागते, आणि ती कोणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच तर महिनाभर आटापिटा चाललेला. त्यांनी चुलत पुतणीला हाक मारली, "डिंपल, तू ये. तू बी आत्याच आहे. सांग नाव."

डिंपल मागे सरकली. "मी नाही बापा. बेबीताईचा हक्क आहे."

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पुष्पाबाई खुर्चीतून काठी आपटत म्हणाल्या, "सख्खी आत्या उभी असताना दुसरीनं नाव ठेवलं, असं ह्या गावात झालं नाही. लेकीचा मान दे, उत्तम. बट्ट्या थंड्या होऊन राह्यल्या."

बट्ट्यांचा विषय निघाल्यावर लोकमत फारच प्रखर झालं. तेव्हा प्रतीक्षा पाळण्यापासून उठली. सासऱ्यांसमोर ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. पदर सावरून एवढंच म्हणाली, "मामंजी, द्या ना."

उत्तमरावांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि ते त्यांनी ओळखलं.

"देलं!" ते ओरडले. "घे माय, देलं!"

"काय देलं ते त सांगा!" दयाराम.

"देलं म्हटलं ना बे! सहाशे माणसांत म्हटलं!"

टाळ्या, शिट्ट्या. बेबीताई पाळण्यावर वाकली. पोर आता जागी होती. तिचा इवलासा तळवा बेबीताईनं आपल्या गळ्यावर ठेवला, घट्ट दाबून धरला आणि कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं: भार्गवी. पोर टक लावून तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. बायकांनी कुर्र करत गुद्दे घातले. बेबीताईचे डोळे भरून आले होते, आणि बायकांना वाटलं गुद्दे जोरात बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तमराव स्वतः जीपमध्ये बसले. सहाशे माणसांत दिलेला शब्द होता. तिकडे दोन खेपा झाल्या, पोरीच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. यंत्रं लावा, पुढे ऑपरेशनचं पाहू, वेळेत आलात. परतताना देऊळगावच्या घाटापासून गावापर्यंत उत्तमराव एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरला वाटलं त्यांना काहीतरी झालं, त्यानं दोनदा गाडी थांबवून पाणी विचारलं.

गावाला मात्र एकच उत्सुकता: बेबीताईला काय मिळालं? बायका दवाखान्यात औषधाला कमी आणि तिची बोटं, गळा, मनगट बघायला जास्त यायला लागल्या.

"दाखव ना व, काय घेतलं ते!"

"करायले टाकलं आहे."

"एवढे दिवस?"

"मापाचं आहे. येळ लागते."

ते खोटं नव्हतं. छकुलीच्या कानांची मापं घेऊन यंत्रांचे साचे करायला दिले होते. गावात कोणी सव्वा तोळा म्हणे, कोणी दोन. पुष्पाबाईंचं ठाम मत होतं की उत्तमरावांनी विहिरीजवळचं वावर लेकीच्या नावे केलं. उत्तमराव कशालाच होकार-नकार देत नसत. त्यांना सोन्याची अफवा परवडत होती.

जूनमध्ये यंत्रं आली आणि पोरीच्या कानांवर बसली. तिसऱ्याच दिवशी धाडचा बाजार होता. बेबीताई ड्युटीवर होती, मी भाजीला गेलो होतो. समोरून उत्तमराव आले, कडेवर भार्गवी. पाऊस अजून आलेला नव्हता, उकाड्यानं जीव जात होता, आणि पोरीच्या डोक्यावर कान झाकणारं लोकरीचं टोपडं, हनुवटीखाली गाठ मारलेलं. घामानं पोर लाल झाली होती.

नेमका मिरचीच्या ढिगापाशी दयाराम भेटला. "उत्तमराव! एवढ्या गर्मीत टोपडं? अन् आता त सांगा, लेकीले देलं काय? अंगठी का वावर?"

"तुले काय करायचं बे!" उत्तमराव त्यांच्या नेहमीच्या आवाजात कडाडले.

कडेवरची पोर दचकली. सबंध अंगानं दचकली, हात दोन्ही बाजूंना फेकले गेले, आणि मान वळवून तिनं आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओठ काढून भोकाड पसरलं.

उत्तमराव जागच्या जागी थांबले. बाजार चालू होता, माणसं धक्के मारून जात होती. त्यांनी टोपड्याची गाठ सोडली आणि ते खांद्यावर टाकलं. पोरीच्या दोन्ही कानांवरची यंत्रं उघडी झाली. तिचं डोकं आपल्या गालाशी धरून ते काहीतरी बोलले, इतकं हळू की मी दोन पावलांवर असून मला अर्धंच कळलं: "हे मागतलं होतं बेबीनं. हे देलं."

दयाराम पुढे वाकला. "काय म्हणता? आयकू नाही आलं."

"तुले नाही आलं त राहू दे," उत्तमराव तशाच हळू आवाजात म्हणाले. "हिले आलं."